संरक्षण-पुरवठादाराचे खेळते भांडवल
माझगाव गोदीतील युद्धनौकेसाठी एखादा व्हॉल्व्ह घडविणाऱ्या लहान कारखानदारास, महागाईच्या वा मंदीच्या काळात, अडकलेल्या पैशाचीच धास्ती अधिक असते. कारण पोलाद आधी विकत घ्यावे लागते, दाबचाचणी निरीक्षकासमक्ष पार पडावी लागते, आणि बिल मात्र त्यानंतरच दप्तरी दाखल होते. म्हणून करारनाम्यात दरबदलाचे कलम मागून घेणे, तपासणीचे दाखले मालाबरोबरच तयार ठेवणे आणि काम रोडावले तरी कसबी कारागिरास न दवडणे, हीच खरी काटकसर होय. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यान्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराची रक्कम कमाल ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक असून, विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हा हक्क पुरवठादारांनी निःसंकोच बजावावा.