हलक्या रायफलीची अचूकता : बिबट्याला भूल देण्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शिकारीची रायफल हलकी असावी ही अपेक्षा जुनीच आहे, कारण शिकाऱ्याला ती दिवसभर रानातून वाहावी लागे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतातील शिकारीचा छंद संपुष्टात आला. परंतु हलक्या बंदुकीने अचूक नेम साधण्याची गरज संपली नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात बिबट्या मनुष्यवस्तीलगत वावरतो. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौ. कि. मी. क्षेत्रात सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्याच क्षेत्रात दर चौ. कि. मी. मध्ये ३०० हून अधिक माणसे राहत होती. अशा ठिकाणी अडकलेल्या बिबट्याला भुलीचे औषध भरलेला डार्ट मारण्याची वेळ येते. या डार्टच्या अचूकतेमागील भौतिक कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हलकेपणाचे परिणाम

बंदूक जितकी हलकी तितकी तिची स्थिरता कमी, हा जडत्वाचा साधा नियम आहे. श्वास, नाडीचे ठोके व स्नायूंचा कंप हे जड बंदुकीत जिरून जातात. हलक्या बंदुकीत ते नळीच्या टोकापर्यंत पोहोचतात. चाप ओढण्यास २ किलो भार लागत असेल आणि बंदूकच ३ किलोची असेल, तर बोटाचा किंचित तिरका दाबही नेम हलविण्यास पुरेसा होतो. गोळीच्या रायफलीत धक्क्याचाही प्रश्न असतो. तीच गोळी ४.५ किलोऐवजी ३ किलोच्या रायफलीतून सुटली, तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. शिवाय पातळ नळी लवकर तापते व लागोपाठच्या गोळ्या विखुरतात.

वायुदाबावर चालणाऱ्या भुलीच्या बंदुकीत धक्का व उष्णता नगण्य असतात. मात्र तिथे दुसरीच अडचण उद्भवते. ६० सें. मी. लांबीच्या नळीतून डार्ट सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटतो असे मानले, तर तो सुमारे ०.०२ सेकंद नळीतच असतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी तेवढीच नळी सुमारे ०.००१५ सेकंदात ओलांडते. म्हणजे चाप ओढल्यानंतरही तेरापट अधिक काळ बंदूक स्थिर धरावी लागते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांना गोळी सुटल्यावरही नेम न हलविण्याचा जो पाठ दिला जातो, त्याचे महत्त्व येथे अधिक आहे.

अंतराचा अंदाज

डार्ट संथ असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मोठा होतो. हवेचा अवरोध वगळून हिशेब केल्यास वरील वेगाचा डार्ट २० मीटरवर सुमारे ५४ सें. मी. आणि २५ मीटरवर सुमारे ८५ सें. मी. खाली येतो. अंतराच्या अंदाजात केवळ ५ मीटरची चूक झाली, तर ३० सें. मी. चा फरक पडतो. वेगवान गोळीच्या बाबतीत हाच फरक जेमतेम २ मिलिमीटर असतो. मांडीच्या जाड स्नायूवर धरलेला नेम ३० सें. मी. ने ढळला, तर डार्ट पाठीवरून निघून जातो किंवा पोटात शिरतो.

वेग वाढविणे हा त्यावरील उपाय नव्हे. अधिक वेगाचा डार्ट हाड मोडू शकतो. कमी वेगाचा डार्ट कातडीवरून उसळतो. म्हणून अंतर मोजून त्यानुसार दाब ठरवावा लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यातील दाब थंडीत घटतो, त्यामुळे दुपारी केलेला सराव हिवाळ्याच्या पहाटे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. सरावाच्या डार्टमध्ये औषधाऐवजी तेवढेच पाणी भरावे, म्हणजे वजन बदलत नाही. बंदूक भिंतीवर अथवा वाळूच्या पिशवीवर टेकवता आल्यास हलकेपणाचा बराचसा दोष नाहीसा होतो.

क्षेत्रीय परिस्थिती

डार्ट अचूक लागला तरी बिबट्या तत्काळ कोसळत नाही. औषधाचा अंमल होण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो उसात शिरला, तर अर्धवट गुंगीतील प्राणी शोधणे जिवावर बेतू शकते. उसाच्या एखाद्या पात्यानेही डार्टची दिशा बदलते. भोवती जमावाचा गोंगाट असेल, तर बिबट्या स्थिर राहत नाही आणि नेमबाजही स्वस्थ राहत नाही. त्यामुळे गर्दी दूर ठेवणे हा अचूकतेचाच एक भाग ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त अधिनियमाच्या व्याख्येनुसार वन्यप्राण्याला पकडणे हीदेखील 'शिकार'च आहे. अनुसूची १ मधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला, तरी त्याला पकडणे, भूल देणे वा स्थलांतरित करणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय कलम ११ अन्वये त्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. अर्थात भुलीचा नेम साधणे अशक्य ठरते, तिथेच गोळीचा पर्याय पुढे येतो. हलक्या बंदुकीची अचूकता केवळ तिच्या नळीत नसते. मोजलेले अंतर, ठरवलेला दाब, टेकवलेला दस्ता, शांत परिसर आणि नेम साधत नसेल तर चाप न ओढण्याचा संयम, या सर्वांच्या मेळातून ती सिद्ध होते. यांतील परिसर शांत राखण्याचे काम वनविभागाला एकट्याने साधणारे नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना व छात्रसेना यांनी ते लोकशिक्षणाचा विषय म्हणून हाती घेण्याजोगे आहे.