शस्त्रकर्मोत्तर संज्ञाविभ्रम : वृद्ध रुग्णांतील पूर्वानुमान

कोरीटसारख्या (ता. नंदुरबार) गावातील वृद्धास खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रकर्मासाठी शहर गाठावे लागते. शस्त्रकर्म निर्विघ्न पार पडते. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रुग्ण असंबद्ध बोलतो, सलाईनच्या नळ्या ओढतो, प्रत्यक्ष मुलासही ओळखत नाही. नातलग त्यास वेड वा बाहेरची बाधा समजतात. आधुनिक वैद्यक या अवस्थेस 'डिलिरियम' म्हणते.

लक्षणे अकस्मात उद्भवणे, दिवसभरात कमी-अधिक होणे व अवधान न टिकणे ही याची प्रमुख चिन्हे होत. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो, हा काही तासांत वा दिवसांत प्रकटतो. काही रुग्ण मात्र प्रलाप न करता निपचित पडून राहतात. 'शांत झोपला आहे' असे वाटून हा प्रकार बहुधा दुर्लक्षिला जातो.

आपल्या शास्त्रातील एकाच व्याधीशी याचे तादात्म्य मानणे उचित नव्हे. तथापि सन्निपातज्वरातील प्रलाप व मोह, तसेच चरकोक्त उन्मादातील मन, बुद्धी, संज्ञाज्ञान व स्मृती यांचा विभ्रम येथे सहज आठवतो. वार्धक्य हा वातप्रधान काळ; त्यात रक्तस्राव, लंघन, वेदना व जागरण यांची भर पडते.

याचे पूर्वानुमान शक्य आहे काय? मार्कँटोनियो व सहकाऱ्यांनी १९९४ साली हृदयाव्यतिरिक्त अन्य नियोजित शस्त्रकर्मांसाठी एक सोपा नियम मांडला. वय ७० वा अधिक, मद्यासक्ती, बौद्धिक क्षीणता, दैनंदिन हालचालींतील असमर्थता, रक्तातील सोडियम, पोटॅशियम वा शर्करेची लक्षणीय विकृती आणि छातीचे शस्त्रकर्म यांस प्रत्येकी १ गुण. महाधमनीच्या फुगवट्याच्या शस्त्रकर्मास २ गुण. शून्य गुण असणाऱ्यांत डिलिरियमचे प्रमाण २ टक्के, तर ३ वा अधिक गुण असणाऱ्यांत ५० टक्के आढळले. खुब्याचा अस्थिभंग ही आकस्मिक घटना असल्याने हे आकडे तेथे जसेच्या तसे लागू करू नयेत; जोखमीचे घटक मात्र बव्हंशी तेच.

यांतील अनेक गोष्टी शल्यविशारदापेक्षा गावच्या वैद्यास अधिक ठाऊक असतात. रुग्ण वाट चुकतो काय, नावे विसरतो काय, मोहाची दारू नित्य घेतो काय, हे आपण जाणतो. नित्य मद्यपान अकस्मात थांबल्यास दोन-तीन दिवसांत कंप व प्रलाप उद्भवू शकतात. म्हणून रुग्णासोबत चिठ्ठी द्यावी. तीत पूर्वीची बौद्धिक स्थिती, व्यसने व चालू औषधे स्पष्ट लिहावीत. झोपेच्या गोळ्यांप्रमाणेच कनकासवादी धत्तूरयुक्त कल्पांचा उल्लेख अवश्य करावा. धत्तुराचे अॅट्रोपीनसदृश घटक भ्रमास साहाय्यभूत होतात.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. १९९९ साली इनॉय व सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल ८५२ वृद्ध रुग्णांत जलपान, निद्रा, हालचाल, दृष्टी-श्रवण व परिसराचे भान यांकडे लक्ष पुरविले असता डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. सुश्रुताचार्यांनीही व्रणितोपासनीय अध्यायात दिवास्वप्न वर्ज्य मानून प्रिय बोलणाऱ्या सुहृदांचा सहवास सांगितला आहे. चष्मा व श्रवणयंत्र सोबत द्यावे. अहिराणी वा भिल्ली, जी रुग्णाची बोली तीत बोलणारा आप्त उशाशी असावा.

लक्षणे दिसताच जंतुसंसर्ग, मूत्रावरोध, मलावरोध, प्राणवायूची न्यूनता व औषधे यांचा तत्काळ शोध घेणे आवश्यक असते. घरी परतल्यावर असे घडल्यास मेध्य औषधे देत कालहरण न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.