राजा एक, कायदे वेगळे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पण ती गुलामगिरी तेथे रुजली कशी? दक्षिणेत हवा उष्ण, जमीन सुपीक, म्हणून मळे आले आणि मळ्यांमागून गुलाम आले, असे सोपे उत्तर दिले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

इंग्लंडचा राजा एक, भाषा एक. तरी १७ व्या शतकात तेथील इंग्रज वसाहतींचे जीवन वेगवेगळे घडले. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पंथाचे लोक कुटुंबकबिल्यासह आले. कडक थंडी, खडकाळ जमीन. त्यामुळे लहान शेते, मासेमारी, जहाजबांधणी आणि एकवटलेली गावे. व्हर्जिनियात तंबाखू पिकला आणि मळे नदीकाठाने विखुरले. तेथे सुरुवातीला राबणारे बहुतेक इंग्लंडातलेच करारबद्ध गोरे मजूर होते. पुढे साउथ कॅरोलिनात भात आला. तो पिकविला आफ्रिकी गुलामांनी.

येथवर हवा आणि माती. यापुढे कायदा.

व्हर्जिनियातील एलिझाबेथ की हिची आई आफ्रिकी, गुलाम, बाप इंग्रज. बापाच्या नात्याने आपण स्वतंत्र आहोत, असा दावा तिने लावला आणि १६५६ साली ती मुक्त झाली. इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. १६६२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने हा नियमच उलटा केला: आई गुलाम, तर मूल गुलाम! मालकाने गुलाम स्त्रीवर अत्याचार करावा आणि जन्मलेले लेकरूही त्याचीच मालमत्ता व्हावे, अशी ही कायदेशीर सोय. १७०५ साली तर गुलाम ‘स्थावर मालमत्ता’ ठरले.

शिक्षणाचेही तेच. मॅसॅच्युसेट्सने १६४७ साली ५० कुटुंबांच्या गावाला शिक्षक नेमण्याची सक्ती केली. साउथ कॅरोलिनाने १७४० साली गुलामाला लिहायला शिकविणाऱ्यास १०० पौंड दंड ठेवला. आदल्याच वर्षी तेथे स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले होते, हे विसरता कामा नये.

म्हणून उत्तरेकडचे लोक निर्दोष ठरत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेनेच युद्धकैदी आणि विकत आणलेले परके लोक गुलाम म्हणून ठेवण्यास मुभा दिली होती. तेथील मासळी आणि लाकूड वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांना जात होते.

तंबाखू कोठे पिकेल, हे माती ठरविते. जन्मतःच गुलाम कोण, हे माती ठरवीत नाही. ते विधिमंडळात बसलेली माणसे ठरवितात. आणि त्यांनी लिहिलेले खोडायला चार वर्षांचे यादवी युद्ध व्हावे लागले, १८६५ साल उजाडावे लागले.