ईस
फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रदेशातील ब्रेतॉन लोकांच्या दंतकथांत वर्णिलेले एक जलमग्न नगर. ब्रेतॉन भाषेत त्यास ‘केर-ईस’ म्हणजे ‘सखल नगर’ असे म्हणतात. ते द्वार्नने उपसागरात बुडाले, अशी समजूत आहे.

रूढ कथेनुसार हे नगर कॉर्नुआयचा राजा ग्राडलॉन याचे असून ते भरतीरेषेच्या खाली वसले होते. एका बांधाने त्याचे रक्षण होई व बांधाच्या दरवाजांची किल्ली राजाच्या गळ्यात असे. राजकन्या दाहूत हिने प्रियकराच्या (काही कथांत सैतानाच्या) नादाने निद्रिस्त पित्याजवळची किल्ली चोरली. भरतीच्या वेळी दरवाजे उघडले जाऊन नगर बुडाले. राजा तिला घोड्यावर घेऊन पळाला. परंतु संत गेनोले याच्या आज्ञेवरून तिला लाटांत लोटल्यावरच तो वाचला. दाहूत पुढे मत्स्यकन्या झाली, असे मानतात.

कथेचे हे रूप फार प्राचीन नाही. नवव्या शतकात लांदेव्हेनेक मठात लिहिलेल्या गेनोलेच्या चरित्रात ग्राडलॉन आढळतो. बुडालेले नगर आढळत नाही. नगराचा उल्लेख पंधराव्या शतकात प्येर ल बो याच्या इतिवृत्तात येतो, तर नाशाचा दोष राजकन्येकडे जातो तो आल्बेर ल ग्रां याच्या संतचरित्रांत (१६३७). लाव्हीयमार्के याचा लोकगीतसंग्रह (१८३९) व शार्ल गीयो याचे कथन (१९२६) यांमुळे आजचे रूप स्थिरावले. म्हणजे दाहूतची अपकीर्ती ही मूळ कथेचा गाभा नसून तीवर चढलेला उत्तरकालीन थर होय.

उपसागरात अशा नगराचे अवशेष मिळालेले नाहीत. तथापि शेवटच्या हिमयुगानंतर सागरपातळी सु. १२० मी. वाढली आणि ब्रिटनीच्याच एर लानिक बेटावरील नवाश्मयुगीन शिलावर्तुळे अंशतः पाण्याखाली गेली. किनारा गमावल्याच्या अशा अनुभवांतून दंतकथेस आधार मिळाला असणे शक्य आहे. वेल्समध्येही बुडालेल्या भूमीची अशीच कथा प्रचलित आहे.

एद्वार लालो याची ईसच्या राजावरील संगीतिका (१८८८) व क्लोद दब्यूसी याची बुडालेल्या कॅथीड्रलवरील पियानोरचना (१९१०) या कथेवर आधारलेल्या आहेत. कँपेर येथील कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांमध्ये ग्राडलॉनचा अश्वारूढ पुतळा आहे; घोड्यावर राजा एकटाच आहे.