पानाचं चित्र, पानाचा अभ्यास : कला-एकात्मिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज

सीबीएसईने २०१९ मध्ये आपल्या शाळांसाठी कला-एकात्मिक अध्यापन, म्हणजे कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकवणं, सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आलं. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा शब्द सारखा कानावर पडतो. ग्रुपवर फोटो येतात : थर्माकोलचा किल्ला, कापसाचे ढग चिकटवलेलं जलचक्र, रंगवलेला आंबा. फोटो देखणे असतात. त्यातला निम्मा किल्ला रात्री अकरा वाजता आईबाबांनी कापलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

गैरसमज : पाठाला एखादं चित्र जोडलं की कला एकात्मिक झाली.

छापील पानात हिरवा रंग भरताना मुलाचं सगळं लक्ष रंग रेघेबाहेर जाऊ नये याकडे असतं. पान म्हणजे काय, याचा विचार त्याला करावाच लागत नाही. त्याच वर्गात प्रत्येकाच्या हातात जास्वंदीचं एक खरं पान द्या आणि समोर ठेवून काढायला सांगा. पहिल्या फेरीत बहुतेक मुलं मनातलं पान काढतात : बदामासारखा आकार, मधे एक रेघ, दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा. इथे शिक्षकाने खोडरबर हातात घ्यायचं नाही, फक्त विचारायचं. ही शीर नेमकी कुठून निघते? कडा सगळीकडे सारखी आहे का? मूल पुन्हा पानाकडे बघतं. देठापाशी एकाच ठिकाणाहून दोन-तीन शिरा फुटल्यात, वरच्या भागात कडेला करवतीचे दाते आहेत, बारीक शिरांचं जाळं झालंय, हे त्याला आत्ता दिसतं. मग शेजारी मक्याचं पान ठेवा. इथे शिरा एकमेकींना न भेटता टोकापर्यंत धावतात. जाळीदार आणि समांतर शिराविन्यास हे शब्द पुढच्या इयत्तेत येतील तेव्हा त्यांचा अर्थ मुलाच्या बोटांना आधीच माहीत असेल.

माझ्या मते कसोटी एवढीच आहे : चित्र काढताना मूल ज्याचा विचार करतं, तो त्या विषयाचा विचार आहे का? असेल तर उपक्रम ठेवावा, नसेल तर त्याला सरळ सजावट म्हणावं. सजावटीत काही वाईट नाही, पण ती परिसर अभ्यासाच्या तासिकेत मोजू नये.

गैरसमज : त्यासाठी मुलांना आणि शिक्षकांना चित्रकला यायला हवी.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी विद्यार्थ्यांना साधे शब्द दिले. काही शब्द लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले, आणि चित्र चांगलं की वेडंवाकडं याने फारसा फरक पडला नाही. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, दुसरी-तिसरीतले नव्हते, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वापरावा. तरी ‘मला चित्र येत नाही हो’ म्हणून मागे राहणाऱ्या शिक्षकांना त्यातून धीर मिळायला हरकत नाही. फळ्यावर हुबेहूब बैल काढता येण्यापेक्षा ‘बैलाचा गुडघा कुठल्या बाजूला वाकतो?’ हे विचारता येणं इथे कामाचं आहे.

गैरसमज : चित्रं काढली की गणितात गुण वाढतात.

हा कलाप्रेमींचा लाडका गैरसमज. त्यामुळे तो खोडायला कोणी पुढे येत नाही. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झिरो’मधल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दृश्यकला शिकल्यामुळे इतर विषयांतले गुण वाढतात, याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. कलाशिक्षकांचा एक वर्ग त्यांच्यावर नाराजही झाला. पण गुणांच्या आशेवर कला उभी केली, तर गुण वाढले नाहीत त्या दिवशी तीच आधी बाद होईल.

जे चित्रच मुळात गणित आहे, त्याची गोष्ट वेगळी. ठिपक्यांची रांगोळी घ्या. उदबत्तीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद अनेक घरांत आजही मिळेल. ‘७ ते ४’ ठिपके मांडायचे म्हणजे मधल्या ओळीत सात आणि दोन्ही बाजूंना ६, ५, ४, प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण किती? कोणी एकेक मोजतं. कोणाच्या तरी लक्षात येतं की वरची बाजू खालीही आहे : ६, ५ आणि ४ मिळून १५, त्याची दुप्पट ३०, अधिक मधले ७, म्हणजे ३७. आता सात ओळींत सात-सात असे सरळ ठिपके मांडा, ४९ होतात. पहिल्या मांडणीची बाह्यरेषा षटकोन, दुसरीची चौरस. कागदावर काढून कापून घडी घातली, तर षटकोन सहा प्रकारे जुळतो, चौरस चारच प्रकारे. एक रेघ चुकीच्या ठिपक्याला जोडली की नक्षी लगेच बिघडते आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते, लाल पेन लागत नाही. चौथीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात.

गैरसमज : ही महागड्या शाळांची, बाहेरून आलेली कल्पना आहे.

वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीमचा विचार मांडला गेला, तो हाताच्या कामातून सगळे विषय शिकवण्याचाच होता. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद पुढे सेवाग्रामच्या शाळेत अनेक वर्षं कला शिकवत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आजूबाजूची पानं, बिया, शिंपले, माती हेच साहित्य मानलं. गेरू, खडू, कोळसा आणि पाठकोरे कागद एवढ्यावर वर्षभर काम चालतं.

गैरसमज : कला सगळ्या विषयांत आली, मग चित्रकलेचा वेगळा तास कशाला?

हा सगळ्यांत घातक. वेळापत्रकात जागा हवी असलेल्यांना तो फार सोयीचाही आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या कलाविषयक निबंधाने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा, असंच सुचवलं होतं. वेगळ्या तासाची गरज वारली चित्रांच्या उदाहरणातून कळते. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस, म्हणून भूमितीच्या पाठात वारली वापरली जाते. त्रिकोण समजतो हे खरं. पण तांदळाच्या पिठाने लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही, हे त्या पाठात कुठेच येत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्रिकोण नीट काढल्याबद्दल नव्हती. चित्राकडे चित्र म्हणून बघायला स्वतंत्र तास लागतोच. तो गणिताच्या सरांनी सरावासाठी मागितला तर मुख्याध्यापकांनी देऊ नये.

आणि पालकांना एक विनंती. पुढचा ‘प्रकल्प’ घरी आला की कात्री मुलाच्या हातात राहू द्या. किल्ला वाकडा झाला तर तसाच शाळेत पाठवा, आणि बुरूज तिथेच का ठेवला, एवढं मात्र त्याला विचारा.