उदारीकरणाच्या काळातील बालपण आणि मराठीचे व्यवहारक्षेत्र

इ. स. १९९१ च्या जुलै महिन्यात भारताच्या आर्थिक धोरणाची दिशा बदलली. १ व ३ जुलै रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलै रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि त्याच दिवशी अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग ह्यांनी आपला पहिला अर्थसंकल्प लोकसभेत मांडला. बहुसंख्य उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठले व परकीय भांडवलाला वाट मोकळी झाली. ह्या घटनांचा ऊहापोह अर्थशास्त्रज्ञांनी विपुल केला आहे. परंतु त्या सुमारास जी मुले बोलावयास, वाचावयास आणि हिशेब करावयास शिकत होती, त्यांच्या भाषेचे पुढे काय झाले, हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा आहे.

ह्या प्रश्नाला सामान्यतः मिळणारे उत्तर असे, की इंग्रजी शब्दांच्या सरमिसळीमुळे त्या पिढीची मराठी बिघडली. हे उत्तर सोपे आहे. म्हणूनच ते तपासून घेणे इष्ट. एखाद्या भाषेवर दुसरीचा प्रभाव पडला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि व्यवहारक्षेत्र. पहिल्या दोहोंचा विचार उरिएल वाइनराइख व आयनार हाउगेन ह्यांच्या १९५० च्या दशकातील लेखनापासून पद्धतशीरपणे होत आला आहे. तिसरीकडे, म्हणजे कोण कोणाशी कोणत्या प्रसंगी कोणती भाषा बोलतो ह्या प्रश्नाकडे, जोशुआ फिशमन ह्यांनी १९६५ मध्ये लक्ष वेधले. उदारीकरणाच्या काळातील मराठीचा विचार ह्या तीन पातळ्यांवर केला असता चित्र बरेच निराळे दिसते.

प्रथम शब्दसंग्रह. १९९१ पूर्वीच्या दशकात मध्यमवर्गीय घरात दूरदर्शनची एखाददुसरी वाहिनी दिसे आणि दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाली. १९९५ च्या जुलै महिन्यात देशातील पहिला मोबाईल संवाद झाला व त्याच वर्षी १५ ऑगस्टला इंटरनेटची सेवा सर्वसामान्य ग्राहकांना खुली झाली. मुलांच्या भोवतालच्या वस्तू अशा झपाट्याने बदलल्या आणि प्रत्येक वस्तू आपले नाव बरोबर घेऊनच आली. रिमोट, केबल, सीडी, मोबाईल, एटीएम, मॉल हे शब्द कोणा मराठी शब्दाला बाजूस सारून आले नाहीत, कारण त्या वस्तूच पूर्वी नव्हत्या. ‘भ्रमणध्वनी’ हा पर्याय वृत्तपत्रांत रुळला; बोलण्यात मात्र ‘मोबाईल’च राहिला.

ह्यात नवे काही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला व फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तरी बाजार, किंमत, नफा, कर्ज, खर्च हे शब्द आजही मराठीच आहेत. इतकेच नव्हे, तर ‘खर्च करणे’, ‘हजर करणे’ ह्या संयुक्त क्रियापदांचा साचा तेव्हापासून इतका पक्का झाला, की ‘रिचार्ज करणे’, ‘डाउनलोड करणे’ ही रूपे त्यात अनायासे बसली. ज्या संज्ञांनी ह्या कालखंडाची ओळख होते, त्यांतही हाच प्रकार आढळतो. ‘उदारीकरण’ हा शब्द ‘उदार’ ह्या संस्कृत शब्दाला च्वि-प्रत्ययाची रचना लावून साधला आहे. ‘खासगीकरण’ ह्यात तीच रचना मूळ अरबी ‘खास’पासून आलेल्या शब्दाला लागली आहे. पुढे खाजगीकरण, उदारीकरण व जागतिकीकरण ह्यांच्या आद्याक्षरांवरून चळवळींनी ‘खाउजा’ हा शब्द घडविला व तो वृत्तपत्रांत रूढ झाला. ज्या भाषेची शब्द घडविण्याची शक्ती आटली आहे, तिला हे जमत नाही.

आता वाक्यरचना. ‘मोबाईलची बॅटरी संपली’ ह्या वाक्यात दोन्ही नामे इंग्रजी आहेत; परंतु षष्ठीचा प्रत्यय मराठी, ‘बॅटरी’ला तिच्या ईकारान्तामुळे मिळालेले स्त्रीलिंग मराठी आणि क्रियापदाने त्या लिंगाशी राखलेला मेळही मराठी. ‘बॅटरी’चे अनेकवचन ‘बॅटऱ्या’ होते. ‘कार्ड’ नपुंसकलिंगी, ‘मॉल’ पुल्लिंगी. तीन लिंगांची व्यवस्था नव्या शब्दांपुढे डगमगलेली नाही.

मात्र एका ठिकाणी बदल दिसतो व तो लक्षणीय आहे. मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते: घर, घरावर, शाळा, शाळेत. एकोणिसाव्या व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या इंग्रजी शब्दांनी हा नियम पाळला: टेबलावर, कोर्टात, बँकेत, तिकिटाचे. १९९१ नंतर आलेले व्यंजनान्त शब्द मात्र तो सहसा पाळत नाहीत. ‘लॅपटॉपवर’ म्हणतात, ‘लॅपटॉपावर’ नव्हे. ‘वेबसाइटवर’ म्हणतात, ‘वेबसाइटेवर’ नव्हे. ‘त’ हा प्रत्यय सामान्यरूपावाचून लागू शकत नाही, म्हणून ‘मॉलात’ न होता ‘मॉलमध्ये’ होते. आजच्या मराठीत व्यक्तींची विशेषनामे अशीच सामान्यरूपाशिवाय चालतात: रमेशला, सुनीलने. म्हणजे नवा शब्द घरात घेतला गेला, पण त्याला घरच्या नामाप्रमाणे न वागविता पाहुण्याच्या नावाप्रमाणे वागविले गेले.

ह्याचे कारण शब्द कोणत्या वाटेने आला ह्यात शोधावे लागते. जुने शब्द पुष्कळ अंशी कानावाटे आले. शिपाई, कारकून, आगगाडीचे उतारू आणि गिरणीतील कामगार ह्यांच्या तोंडी ते घडले. म्हणून ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट झाला, ‘प्लॅटून’ची पलटण झाली, ‘टिकिट’ दन्त्य होऊन तिकीट झाले. उदारीकरणाच्या काळातील मुलांना हे शब्द वेष्टनावर, पडद्यावर व पाठ्यपुस्तकात रोमन लिपीत छापलेले दिसले. मूळ रूप डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याला मुरड घालण्याचा संकोच वाटू लागला. ज्यांना तो संकोच नाही, त्या ग्रामीण बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मोबाईलात’ हे रूप आजही ऐकू येते. ‘फलाट’ व ‘प्लॅटफॉर्म’ ह्या एकाच शब्दाच्या दोन आवृत्ती आहेत. पहिलीवर मराठीचा संस्कार झाला आहे, दुसरीवर शाळेचा.

रचनेवरील अधिक खोल परिणाम इंग्रजीचा नसून हिंदीचा आहे. ‘मला मदत कर’ ह्याऐवजी ‘माझी मदत कर’, ‘वाढदिवस साजरा केला’ ह्याऐवजी ‘वाढदिवस मनवला’ असे प्रयोग ह्या पिढीच्या बोलण्यात आढळतात. त्यांतील शब्द मराठी दिसतात, म्हणून ते कोणास खटकत नाहीत. बदललेली असते ती विभक्तीची योजना किंवा शब्दाचा अर्थ. उपग्रहवाहिन्यांच्या पहिल्या काही वर्षांत मुलांची करमणूक मुख्यतः हिंदीतून झाली. अल्फा मराठी ही वाहिनी १९९९ मध्ये निघाली. जाहिरातींची वाक्येही पुष्कळदा हिंदीत घडून मग मराठीत उतरविली जात.

तथापि ह्या दोन्ही पातळ्यांवरील फेरफार भाषेच्या नित्य जीवनक्रमातले आहेत. खरा प्रश्न तिसऱ्या पातळीवरचा आहे. नव्या अर्थव्यवस्थेतील नोकरी इंग्रजीच्या दारातून मिळते, हे पालकांनी लवकर ओळखले. ज्यांना परवडले त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. ज्यांना परवडत नव्हते त्यांनीही पोटाला चिमटा घेऊन घातले. शासनाने २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. अनेक मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीची पद्धत स्वीकारली. तीत गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवले जातात. ह्या निर्णयांबद्दल पालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या भाषेत पोट भरते, तिच्याकडे मुलाला नेणे हे शहाणपणाचेच होते. पण ह्या शहाणपणाची एकत्रित किंमत भाषेने मोजली.

ही किंमत कशी मोजली गेली, हे संख्यावाचनावरून स्पष्ट होते. मराठीत एकपासून नव्व्याण्णवपर्यंतची संख्यानामे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. ‘पंचवीस’मध्ये एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो, तर लिहिताना क्रम उलटा असतो; ‘एकोणतीस’मध्ये तर वजाबाकी दडलेली आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती सुचविण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी मुलांच्या सोयीच्या दृष्टीने तिचे समर्थन केले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. परंतु तो चालू असता शहरांतील असंख्य मराठी घरांत मुले ‘सत्तेचाळीस’ आणि ‘चाळीस सात’ ह्या दोहोंना वगळून ‘फॉर्टी-सेव्हन’ म्हणत होती. ज्या अंकांची बेरीज शाळेत इंग्रजीत झाली, ते घरी परतल्यावर मराठी होत नाहीत. येथे एखादा शब्द उसना आलेला नाही. मोजण्याचे कामच मराठीकडून काढून घेतले गेले आहे.

जनगणनेत ही गोष्ट दिसत नाही. १९९१ मध्ये मराठी ही मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारे ६ कोटी २५ लक्ष होती. २०११ मध्ये ती सुमारे ८ कोटी ३० लक्ष झाली. देशाच्या लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ७.४५ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आले खरे. तरी एवढ्या मोठ्या भाषेला मरणाचे भय आहे असे म्हणता येणार नाही. जनगणना मुलाची मातृभाषा कोणती हे विचारते. त्या भाषेत तो काय काय करू शकतो हे विचारीत नाही. जेवण, राग, लाड, सण ह्यांसाठी मराठी आणि गणित, विज्ञान, कायदा, नोकरी ह्यांसाठी इंग्रजी अशी वाटणी लहानपणीच झाली, तर बोलणारांची संख्या वाढत असतानाही भाषा संकोच पावू शकते. शिवाय ही वाटणी सर्व वर्गांत सारखी झालेली नाही. केवळ मराठीतून शिकणे हे अनेक शहरांत हळूहळू आर्थिक स्थितीचे लक्षण बनले, आणि भाषेची प्रतिष्ठा तिच्या शाळेच्या प्रतिष्ठेबरोबर खाली आली.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पहिल्या उपायाने मराठी हा एक विषय सुरक्षित झाला. दुसऱ्याने तिच्या भूतकाळाचा गौरव झाला. परंतु विषय म्हणून शिकलेली भाषा आणि जिच्यातून विषय शिकले जातात ती भाषा ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर ह्या दोन्ही उपायांनी कमी होत नाही.

१९९१ च्या आगेमागे जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्या बोलण्यात सामान्यरूप कोठे टिकले व कोठे गळाले ह्याची नोंद अवश्य व्हावी. पण त्याहून निकडीची नोंद वेगळी आहे: ही माणसे आपल्या मुलांना मराठीत काय समजावून देतात आणि काय समजावताना भाषा बदलतात. कोणत्या घरी, कोणत्या विषयापाशी आणि मुलाच्या कितव्या वर्षी ही बदली घडते, हे क्षेत्रीय पाहणीने निश्चित करता येईल. मराठीत किती परके शब्द शिरले ह्याची मोजदाद पुष्कळ झाली. मराठीच्या हातून कोणती कामे सुटली ह्याची मोजदाद अजून व्हावयाची आहे.