मोडलेला पाय आणि शस्त्रक्रियेची वेळ

मालेगांव हें वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. जुन्या हमरस्त्यावरचें गांव. डिसेंबर २०२२ मध्यें ज्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा खुला झाला, तो समृद्धी महामार्गही याच तालुक्यांतून जातो. रस्ते आले कीं अपघातही आले. पाय मोडलेला मनुष्य वाशीमला किंवा अकोल्यास पोंचतो, आणि दुसऱ्या दिवशीं घरची मंडळी अस्वस्थ होतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णास रात्रींच शस्त्रक्रियेस नेलें. आपल्या माणसास मात्र दहा दिवस थांबावयास सांगतात, हें कसें? ही हयगय तर नव्हे?

याचें उत्तर हाडांत नसून कातड्यांत आहे. नडगीचें हाड पुढील बाजूस अगदीं कातड्याखालींच असतें. त्यावर मांसाचें पांघरूण नाहीं. तें मोडतांना कातडें फाटलें, कीं रस्त्यावरची माती आणि जंतू थेट हाडापर्यंत जातात. पूर्वीं असा पाय बहुधा कापूनच टाकीत. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं ग्लासगो येथें गाडीच्या चाकाखालीं सांपडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर जोसेफ लिस्टर यांनीं कार्बॉलिक ॲसिडांत भिजविलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड सांधलें, पाय वांचला.

पुढें १८९८ सालीं जर्मन शल्यवैद्य फ्रीडरिख यांच्या प्रयोगांतून सहा तासांचा नियम निघाला. जखम तेवढ्या अवधींत साफ झालीच पाहिजे, असें शल्यवैद्य शंभर वर्षें मानीत आले. प्रयोग मात्र गिनिपिगांवर झाले होते! आज असें दिसतें, कीं घड्याळाहून दोन गोष्टी मोठ्या: प्रतिजैविक औषधाची पहिली मात्रा शक्य तों तासाभरांत मिळणें, आणि जखम अनुभवी हातांनीं साफ होणें. मोठ्या आघाताची उघडी जखम बारा तासांत, इतर चोवीस तासांत साफ करावी, असा आतां संकेत आहे. शेणमातीनें फार बरबटलेली जखम किंवा तुटलेली रक्तवाहिनी यांस मात्र थांबणें नाहीं. म्हणूनच लांबच्या प्रवासापूर्वीं पहिल्याच दवाखान्यांत प्रतिजैविक व धनुर्वाताची लस यांची चौकशी करावी. जखमेवर हळद नको, रॉकेलही नको. स्वच्छ कापड पुरे.

न फाटलेल्या कातड्याची गोष्ट उलट. गुडघ्याजवळ वा घोट्याजवळ हाडाचा चुरा होतो, पाय सुजतो, फोड येतात. अशा ताणलेल्या कातड्यावर सुरी चालविली तर टांके उकलतात आणि आंतली धातूची पट्टी जंतूंचें घर होते. म्हणून बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय उंच ठेवतात व सात ते चौदा दिवस, प्रसंगीं अधिकही, वाट पाहतात.

या प्रतीक्षेंत एक धोका मात्र ओळखला पाहिजे. औषधानेंही न शमणारी, वाढतच जाणारी वेदना आणि बोटें हलवितांच असह्य होणारी कळ, म्हणजे पायाच्या आंत दाब चढत आहे. येथें कांहीं तासांतच स्नायू मरतात. परिचारिकेस त्याच क्षणीं बोलवावें, मध्यरात्र असली तरी.

एरवीं शल्यवैद्य रोज येतो, चिमटींत कातडें धरून पाहतो व निघून जातो. नातेवाइकांस तें पोरखेळ वाटतें. तो सुरकुत्या शोधीत असतो. सूज उतरून कातड्यावर त्या दिसूं लागल्या, कीं शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो.